नदीकाठच्या मुलांना नदीतले जीवन कसे शिकवावे?

प्रश्न (कुकडीकाठची शिक्षिका):
मी कुकडी नदीजवळच्या एका गावात सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी आम्ही ‘पाणी वाचवा’ची भित्तिपत्रके केली, प्रभातफेरीही काढली, पण आपल्या नदीत मासे सोडून आणखी काय जगते, हे वर्गातल्या एकाही मुलाला सांगता आले नाही आणि त्याची मला खंत आहे. यंदा मुलांना प्रत्यक्ष पाण्याजवळ न्यायचे आहे. शाळेत उपकरणे नाहीत आणि पालक विचारतात, “किडे बघून नदी सुधारणार आहे का?” जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (नदी-अभ्यास शिबिरे घेणारा):
ताई, सुरुवात दगडापासून करावी. घोटाभर खळाळत्या पाण्यातला तळहाताएवढा दगड अलगद उचलावा, पाणी भरलेल्या पांढऱ्या थाळीत धरावा आणि मऊ कुंचल्याने त्याची खालची बाजू झाडावी. आधी थाळीत नुसता गाळ दिसतो. थोडे थांबले की त्या गाळातलाच एखादा कण चालू लागतो. त्याला मागे तीन शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही कडांना थरथरणारे कल्ले असतील, तर ते बहुधा मेफ्लाय या कीटकाचे पिल्लू असते. वाळूचे कण लाळेच्या रेशमाने जोडून स्वतःभोवती नळी बांधणारी कॅडिसफ्लाय या कीटकाची अळी सापडली, तर मुले थाळी सोडत नाहीत, हा माझा अनुभव आहे. पाहून झाल्यावर जीव आणि दगड जागच्या जागी परत ठेवावेत.

पालकांच्या प्रश्नाचे उत्तर याच थाळीत आहे. बाटलीत भरलेले पाणी त्या क्षणापुरतेच बोलते. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळपर्यंत पुढे वाहून गेले, तर ते बाटलीत दिसत नाही. हे जीव मात्र कित्येक आठवडे, काही तर महिनोन्‌महिने त्याच तळाशी राहतात, त्यामुळे मधल्या काळात पाण्यातला प्राणवायू घटला असेल, तर त्याची खूण त्यांच्या नसण्यात उरते.

उत्तर २ (प्राणिशास्त्राची प्राध्यापिका):
एक सावधगिरी सुचवते. गाळात लाल अळ्या दिसल्या की मुले लगेच “नदी घाण झाली” असे म्हणतात. कायरोनोमिड नावाच्या, डासांसारख्या दिसणाऱ्या माश्यांच्या त्या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या कमी प्राणवायूतही तग धरतात. पण त्या स्वच्छ पाण्याच्या गाळातही आढळतात. बाकीचे सगळे जीव नाहीसे होऊन केवळ त्याच उरल्या असतील, तर काळजी करावी. तसेच खळाळाची तुलना डोहाशी करू नये. दर महिन्याला तीच जागा पाहावी.

उत्तर ३ (भोई समाजातील वाचक):
धरणातून आवर्तन कधी सुटणार आहे, याची चौकशी केल्याशिवाय मुलांना पात्रात उतरवू नका. पाणी एकाएकी चढते. आणि गावातल्या जुन्या मासेमारांना एक दिवस शाळेत बोलवा. पूर्वी कोणता मासा कोणत्या डोहात मिळायचा आणि कधीपासून मिळेनासा झाला, हे त्यांना तोंडपाठ असते; मुलांनी ते लिहून घ्यावे.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पाटबंधारे खात्याकडे चौकशी करूनच पहिली फेरी केली. सहाव्या दगडाखाली वाळूची नळी सापडली. एका मुलीचे आजोबा काठावर उभे होते. त्यांनी वाकून ती पाहिली आणि पुढच्या शनिवारी आपल्या लहानपणीचा डोह दाखवायला येतो, असे सांगितले.