युरिक अ‍ॅसिड वाढलंय, डाळी बंद कराव्यात का?

प्रश्न: रिपोर्टमध्ये युरिक अ‍ॅसिड ८.२ आहे. पायाचा अंगठा रात्री अचानक सुजतो, चादरीचा स्पर्शही सोसत नाही. डाळी, पालक, टोमॅटो सगळंच सोडायचं का?

प्रतिसाद १: डाळी आणि पालक सोडू नका. त्यांत प्युरिन (ज्यापासून शरीरात युरिक अ‍ॅसिड बनतं) असलं तरी त्यांनी गाउटचा, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या या सांधेदुखीचा, धोका वाढल्याचं दिसत नाही. खरे शत्रू वेगळे: कलेजी, गुर्दा, लाल मांस, सुके छोटे मासे, बिअर आणि गोड शीतपेयं. शीतपेयं लोक विसरतातच! त्यांतलं फ्रुक्टोज (एक प्रकारची साखर) यकृतात मोडताना युरिक अ‍ॅसिड तयार होतं. कमी स्निग्धांशाचं दूध-दही मात्र रोज घ्या.

प्रतिसाद २: पाणी दिवसाला २ ते ३ लिटर, लघवी फिकट दिसेल इतकं. मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. वजन हळूहळू उतरवा. कडक उपास केला की युरिक अ‍ॅसिड उलट चढतं आणि अंगठा पुन्हा ठणकतो.

प्रतिसाद ३: पथ्याने आकडा साधारण १ ने उतरतो, त्यामुळे ८.२ वरून ६ च्या खाली यायला बहुधा गोळी लागते. अ‍ॅलोप्युरिनॉल ही युरिक अ‍ॅसिड कमी करणारी गोळी चालू असेल तर दुखणं उठलं म्हणून ती मध्येच बंद करू नका, हीच चूक सर्रास होते. गाउटच्या अ‍ॅटॅकमध्ये आकडा नॉर्मलही येऊ शकतो, म्हणून तपासणी २-४ आठवड्यांनी पुन्हा करा. सुजेवर कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं ठेवा, चोळू नका. सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा, सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो.