स्किझोफ्रेनियानंतर माणसांत परतताना सुरुवात कुठून करायची?

लालबागकर: भाचा, वय 26. रुग्णालयातून घरी येऊन दोन महिने झाले. गोळ्या नियमित, भास थांबलेत. पण दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. खोली 10 बाय 15, माणसं चार. ताई सारखी मागे लागते. पुढे गणपती. काय करावं?

ओटीवाली: भास आधी थांबतात, उत्साह, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव परतायला बराच जास्त वेळ लागतो. ती आजाराचीच लक्षणं, आळस नव्हे. काही गोळ्यांनी सकाळी सुस्ती असते, म्हणून भेट संध्याकाळी ठेवा. एकच मित्र, 20 मिनिटं, आणि हाताला काहीतरी: कॅरम किंवा मटार सोलणं. नुसतं समोरासमोर बसवलं की 'सध्या काय करतोस?' आलंच. मित्राला आधीच बजावा. दुसऱ्या दिवशी तो जास्त मिटला किंवा चिडला तर वेळ निम्मा करा, भेट मात्र बंद करू नका.

पिंपळपार: खोलीचं माप सहज लिहिलंत, पण मेख तिथेच आहे. वॉन आणि लेफ या संशोधकांच्या 1976 च्या लंडनमधल्या अभ्यासात, घरात टीका किंवा अतिकाळजी जास्त, आठवड्याला 35 तासांहून अधिक समोरासमोर सहवास आणि औषधं बंद, अशा रुग्णांत आजार सर्वाधिक उलटला. तुमच्याकडे गोळ्या चालू आहेत, ही मोठीच जमेची बाजू. पण एका खोलीत 35 तास तीन-चार दिवसांत भरतात! रोज दोन-तीन तास ताई तरी बाहेर, नाहीतर तो. मुंबईत केईएम, नायर, सायन रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपी (रोजच्या कामांतून सावरायला मदत करणारे उपचार) विभाग आहे. मनोविकार ओपीडीतून चिठ्ठी मागा. 'गोळी घेतलीस?' विचारणारं माणूस एकच ठेवा.

लालबागकर: आणि शेजारी? एकाला कावीळ सांगितलीय, दुसऱ्याला गावी गेला होता म्हणून.

ओटीवाली: मग चाळीत चर्चा होणारच. घरातल्या सगळ्यांचं वाक्य एकच हवं: 'बरं नव्हतं, उपचार चालू आहेत.' आजाराचं नाव सांगायचं की नाही, हे त्याने ठरवायचं. गणपतीत मंडपात दुपारी, गर्दी नसताना, दहा मिनिटं. ढोल आणि जागरण या वर्षी नको. लोकलचा सराव करायचा तर दुपारची स्लो धरा, प्रत्येक स्टेशनवर उतरता येतं. सलग दोन-तीन रात्री झोप उडाली किंवा पुटपुटणं सुरू झालं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. रात्री-अपरात्री टेलि-मानस, ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416, मराठीत बोलतात.

लालबागकर: ताईला संध्याकाळी भजनाला पाठवतो. कॅरम माळ्यावर आहे, काढतो.