४६९०के ला १.३५ व्होल्टची रॅम घ्यावी का? (सोलापूरचा उन्हाळा धरून बोला)

कडकभाकरी
मंडळी, घरात वाद पेटलाय. माझ्याकडे २०१४ चा इंटेलचा आय५-४६९०के प्रोसेसर आहे, झेड९७ बोर्डावर, ओव्हरक्लॉक केलेला (ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवलेला). टॉवरवाला कूलर आहे. दिवसा टॉवेलची जॅकार्ड डिझाइनं, रात्री गेम. रॅम ४+४ जीबी, डीडीआर३ (रॅमची तिसरी पिढी), वेग १६००, १.५ व्होल्ट, सीएल ९ (सीएल म्हणजे रॅमची दिरंगाई, कमी तेवढी चपळ). आता १६ जीबी करायची आहे.

नवी पेठेतला दुकानदार म्हणतो, ८ ची एकच डीडीआर३एल (कमी व्होल्टची डीडीआर३) स्टिक घाल, १.३५ व्होल्टची, ओव्हरक्लॉकला थंड रॅमच पाहिजे. धाकटा भाऊ म्हणतो, जुन्या बाजारातली २४०० ची हीटसिंकवाली जोडी उचल. ती १.६५ व्होल्टची आहे.

आणि मुख्य दुखणं: एप्रिल लागल्यापासून दुपारी तीन-चारला ब्लू स्क्रीन येतो. परवा तर डिझाइन सेव्ह झालं आणि उघडून बघतो तर मधे चार चौकोन भलत्याच रंगाचे. माग चालू व्हायच्या आत दिसलं म्हणून वाचलो. बोला.

जुळेसोलापूरकर
दुकानदार बरोबर आहे. डीडीआर३ चं मूळ व्होल्टेज १.५, डीडीआर३एल चं १.३५. वीज व्होल्टच्या वर्गानं कमी होते, म्हणजे हिशोबानं १९ टक्के बचत. आपल्याकडं मे महिन्यात खोलीतच चाळीस अंश असतं, कॅबिनेटमधे काय होत असेल बघा. डोळे झाकून घे.

पंखाफुल्ल
१९ टक्के कशाचे ते पण सांगा की राव. डीडीआर३ ची एक स्टिक भरात असताना दोन-तीन वॅट खाते. त्याचे १९ टक्के म्हणजे अर्धा वॅट. शेजारी ४६९०के बसलाय, कंपनीच्या सेटिंगलाच ८८ वॅटचा, ओव्हरक्लॉक केल्यावर विचारूच नका. घरात भट्टी पेटलीय आणि आपण उदबत्ती विझवायला निघालोय. बाजूचं झाकण काढ, पुढं १२० चा पंखा लाव, त्यानं जास्त फरक पडेल.

जुळेसोलापूरकर
उदबत्ती तर उदबत्ती. पण रॅमची चिप तापली की साठवलेला चार्ज लवकर गळतो, म्हणून ८५ अंशांच्या वर रिफ्रेश (चार्ज परत भरणं) दुप्पट वेळा करावा लागतो, ७.८ मायक्रोसेकंदांऐवजी ३.९ ला. हे डीडीआर३ च्या मानकातच आहे. याच्या मशीनला दुपारीच झटका येतो, रात्री नाही. याचा अर्थ काय?

पंखाफुल्ल
याचा अर्थ दुपारी प्रोसेसर पण तापतो. आणि विजापूर रोडला माझ्याकडं दुपारीच लाइट वरखाली होते. यूपीएस आहे का त्याच्याकडं, कुणी विचारलं?

कडकभाकरी
यूपीएस आहे. अर्थिंग पण गेल्या वर्षी नवीन केलंय.

लैभारी_गेमर
का बे, एवढं काय त्यात? माझ्या डीडीआर४ वर पण १.३५ लिहिलंय, म्हणजे ती पण लो व्होल्टेजच की. ३२०० ला मस्त पळते. तसली घे.

मेमटेस्टवाले काका
बाळा, इथंच सगळे फसतात. आकडा तोच, अर्थ उलटा. डीडीआर३ मधे १.३५ म्हणजे मूळापेक्षा कमी. डीडीआर४ चं मूळ व्होल्टेजच १.२, म्हणजे तुझी १.३५ ची स्टिक ही चढवलेली रॅम आहे. एक्सएमपी (रॅमचं जास्त वेगाचं तयार सेटिंग) चालू केलं की ती तेवढं मागते. डीडीआर५ तर १.१ वर आली. शिवाय डीडीआर४ ला २८८ पिना आणि याच्या बोर्डाच्या खाचेला २४०, बसवणार कुठं?

आता कडकभाकरी, तुझ्याकडं येतो. १.५ ची जोडी ठेवून शेजारी १.३५ ची स्टिक घातलीस तर बोर्ड दोघींना वेगवेगळं व्होल्टेज देत नाही. सगळ्या खाचांना एकच लाइन असते. सगळं १.५ वर चालेल आणि टायमिंग त्यातल्या मंद स्टिकचं लागेल. डीडीआर३एल ला १.५ चालतं, तिला काही होत नाही, पण मग थंडपणा कुठं राहिला? उलटं करून जुन्या जोडीला १.३५ वर ओढशील तर ती टिकेलच असं नाही. तिला त्याची परीक्षाच दिलेली नसते. घ्यायची तर ८+८ ची जोडी घे, जुनी काढून टाक.

आणि घाई करण्याआधी एक सांग. ओव्हरक्लॉक केलास म्हणतोस, तो नुसता मल्टिप्लायरनं (प्रोसेसरची पट) का बेस क्लॉक (ज्याला ती पट लागते तो मूळ ठेका) पण हलवलास?

कडकभाकरी
बायोसमधे (बोर्डाच्या सेटिंगमधे) बघून आलो. बेस क्लॉक १०३, मल्टिप्लायर ४३. ४४२९ दाखवतंय. कुठल्याशा व्हिडिओत बघून केलं होतं, दिवाळीत.

मेमटेस्टवाले काका
घ्या. बेस क्लॉक वाढवला की रॅम पण त्याच्याबरोबर ओढली जाते. तुझी १६०० ची जोडी सहा महिने १६४८ ला पळतेय, त्याच व्होल्टवर, त्याच सीएल ९ ला. थंडीत निभावलं, एप्रिलमधे दम सुटला. के वाला प्रोसेसर आहे बाबा, मल्टिप्लायर उघडाच आहे. बेस १०० कर, मल्टिप्लायर ४४ लाव. ४४०० मिळतील. २९ मेगाहर्ट्झसाठी एवढा जीव काढायचा?

मग रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लाव. रात्रभर म्हणजे रात्रभर, जेवण होईपर्यंत नाही. आणि जमलं तर परत एकदा दुपारी.

पंखाफुल्ल
हे मान्य. मग नवीन रॅम पण १.५ चीच घ्यावी. त्याच किमतीत सीएल ९ मिळते. १.३५ वाल्या १६०० च्या स्टिक बहुतेक सीएल ११ च्या. हिशोब करा: सीएल ९ म्हणजे ११.२५ नॅनोसेकंद, सीएल ११ म्हणजे १३.७५. अर्ध्या वॅटसाठी सुस्त रॅम कशाला?

जुळेसोलापूरकर
डिझाइनच्या फाइलला तुझ्या अडीच नॅनोसेकंदांनी काय फरक पडतो? त्याला चार चौकोन चुकायला नको आहेत. ग्राफवरचा एक चौकोन म्हणजे ताण्यावर बाण्याचा एक छेद, तो चुकला की तोच डाग प्रत्येक टॉवेलवर.

धाकटा_भाऊ
मीच तो भाऊ. २४०० ला कुणी विचारतच नाही इथं. हॅसवेलवर (४६९०के च्या पिढीवर) १.६५ ची रॅम किती जण वर्षानुवर्षं चालवतायत. काही जळलं नाही.

मेमटेस्टवाले काका
चालते, खोटं नाही बोलत. पण ४६९०के ला इंटेलनं सांगितलेला वेग १३३३ आणि १६००. २४०० म्हणजे मेमरी कंट्रोलरचं (रॅम सांभाळणाऱ्या भागाचं) वेगळं ओव्हरक्लॉक, आणि तो कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटातच आहे. १.६५ ही लक्ष्मणरेषा इंटेलनं २००८ च्या पहिल्या आय७ पासूनच आखली होती. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर गेममधे फार काही हाती लागत नाही. त्यात सेकंडहँड, आधी कुणी किती पिळलीय ठाऊक नाही. २०१५ च्या स्कायलेक पिढीच्या प्रोसेसरला तर डीडीआर३ मधे १.३५ वालीच चालते असं इंटेलनं सांगितलं होतं. म्हणजे पुढं जुना बोर्ड गेला तरी एल वाली जोडी कुठंतरी कामाला येईल, १.६५ वाली नाही.

नवीपेठेतला_गिऱ्हाईक
दोन गोष्टी, अनुभवाच्या. डीडीआर३एल मागितली की आधी लॅपटॉपची छोटी स्टिक हातात देतात, २०४ पिनांची. डेस्कटॉपची म्हणून ठासून सांगा. दुसरं, ८ जीबीची फारच स्वस्त मिळाली तर लेबल वाचा. 'फक्त एएमडी' लिहिलेल्या येतात, त्या इंटेलच्या बोर्डावर चालू होत नाहीत. मी एक घेऊन बसलोय, चाव्यांच्या किचेनला लावलीय.

कडकभाकरी
बेस १००, मल्टिप्लायर ४४ केलं. मेमटेस्ट रात्री अकरा ते सकाळी सात, शून्य एरर. आज दुपारी परत लावला, पंखा बंद ठेवून मुद्दाम. शून्य. म्हणजे जुनी रॅम निर्दोष होती, मीच गुन्हेगार.

१६ जीबी तरीही लागणारच. ८+८ ची एल वाली जोडी सांगितलीय, शनिवारी येईल.

पंखाफुल्ल
सीएल किती?

कडकभाकरी
११.

पंखाफुल्ल
घे मग. बायोसमधे व्होल्टेज ऑटोवर सोडू नको, बोर्डानं १.५ दिलं तर एवढा वाद फुकट. स्वतः १.३५ टाक आणि परत मेमटेस्ट.

धाकटा_भाऊ
ती २४०० वाली जोडी मी घेतोय. माझ्या मशीनला.