रोड बाइकचे टायर: पळणारे की टिकणारे? (इंदूर, एबी रोड म्हणजे आग्रा-मुंबई महामार्ग)

राऊसर्कल:
टायर बदलायचेत, सल्ला हवा. अल्युमिनियम रिम, आतली रुंदी १७ मिमी, रिम ब्रेक. सायकलीसोबत आलेले २५ मिमीचे वायर बीडचे (रिममध्ये बसणाऱ्या कडेत तार असलेले) टायर आणि साध्या ब्यूटिल ट्यूब. माझं वजन ७४ किलो, सायकल ९ किलो, हवा दोन्ही चाकांत ११० पीएसआय. रविवारी पहाटे राऊ-महू-मानपूर आणि परत, मधल्या दिवसांत सुपर कॉरिडॉर. दोन महिन्यांत चार पंक्चर, चारही मागच्या चाकात. कॉन्टिनेंटलचे वेगवान ग्रां प्री ५००० घेऊ की जाड गेटरस्किन? गेटरस्किनने वेग किती जातो, आणि पंक्चर खरंच थांबतात का?

बीडवायर:
टायर नंतर. आधी त्या चार ट्यूब बघा, फेकल्या नसतील तर. भोक कुठे आहे त्यावरून निम्मं उत्तर मिळतं.

बाहेरच्या अंगाला एकच बारीक भोक म्हणजे काटा, काच किंवा तार. शेजारी शेजारी दोन चिरा म्हणजे खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटली, हवा कमी होती. आतल्या अंगाला, रिमकडच्या बाजूला भोक म्हणजे रिम टेप (रिममधली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) सरकली. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल तर पंप लावताना हिसके बसतायत. यातल्या पहिल्या प्रकारातच टायर बदलून फरक पडतो.

एबी रोडच्या कडेला सगळ्यात वाईट गोष्ट काट्याची नाही, तारेची. ट्रकचे रेडियल टायर फुटले की त्यांच्यातली केसासारखी पोलादी तार शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडपट्टीवर, पसरते. ती टायरमध्ये घुसून बसते, बोट फिरवलं तरी लागत नाही, आणि नवी ट्यूब दहा किलोमीटरवर पुन्हा पंक्चर होते. म्हणून टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर ठेवा. ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून मोजलं की टायरवरची जागा इंचभरात सापडते. तिथे टायर उलटा दुमडून आतून कापसाचा बोळा फिरवा, तार असेल तर तंतू अडकतात. मग चिमट्याने ओढायची. भुवया उपटायचा चिमटा वजनाला काहीच नाही, ट्यूबच्या पिशवीत टाकून द्या.

सराटा:
वेगाचं सांगतो. ड्रमवरच्या चाचण्यांत ताशी २९ किमीला ग्रां प्री ५००० आणि गेटरस्किन यांच्या जोडीत साधारण १५ ते २० वॉटचा फरक येतो. १७०-१८० वॉटवर चालवणाऱ्याला १०० किमीमागे पाच-सात मिनिटं. वजनातला फरक टायरमागे तीसेक ग्रॅम, तो विसरा. वेग जातो तो जाड, ताठ केसिंग (रबराखालचं टायरचं कापडी अंग) दर फेरीला दुमडण्यात.

पण रविवारच्या राइडमध्ये एक पंक्चर दुरुस्त करायला पंधरा मिनिटं जातात, हाही हिशेब धरा.

गेटरस्किनची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. ओल्यात पकड कमी. पावसाळ्यात मानपूरच्या उतारावर पांढऱ्या पट्ट्यावर ब्रेक लावून बघू नका. म्हणून मी जोडी फोडायला सांगेन: पुढे ग्रां प्री ५०००, मागे गेटरस्किन. वळण आणि ब्रेकिंग पुढच्या चाकाच्या पकडीवर असतं. पंक्चर मागे जास्त होतात, कारण भार मागे जास्त आणि पुढचं चाक आडवी पडलेली काच-खिळा उभी करून मागच्याकडे सोपवतं.

आणि अपेक्षा माफक ठेवा. कडेच्या बाभळीचा दोन इंची काटा सरळ लागला तर दोन्ही टायर सारखेच. सराट्याला मात्र जाड टायर बऱ्यापैकी पुरतो, काच-तारेलाही.

भेरूघाट:
जोडी फोडायचं पटलं, पण २५ मध्ये नको. २८ घ्या. आधी जागा मोजा: चाक फिरवून टायर आणि ब्रेकचा कॅलिपर यांच्यामध्ये अॅलन की सरकवून बघा. २८ चा टायर उंचीला तीनेक मिमी वाढतो. त्यानंतर ४ मिमीची की जायला हवी, नाहीतर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल तिथेच थापला जातो. चेनस्टेच्या (मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या आडव्या नळ्यांच्या) मधली रुंदीही बघा.

२८ ला तुमच्या वजनाला पुढे ७२, मागे ७८ पीएसआय. ११० वर टायर खडबडीत रस्त्याला धरून जायच्याऐवजी उड्या मारतो, आणि कडक टायर काचेच्या तुकड्यावर दबत नाही, चिरला जातो. हवा पहाटे १८ अंशांना भरून सायकल दुपारी ४२ मध्ये ठेवली तर सात-आठ पीएसआय आपोआप वाढते. घाबरून सोडायची गरज नाही, पण आधीच ११० असेल तर विचार करा.

ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबविना टायर, सुचवणारे येतीलच. रिम ट्यूबलेससाठी बनलेली नसेल तर नाद सोडा, बीड उतरून पडाल. रिम चालत असेल तरी २८ मिमीला चाकामागे ३०-४० मिली सीलंट (भोक बुजवणारा द्रव), आणि आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं. टीपीयू (पातळ प्लास्टिकच्या) ट्यूब हलक्या खऱ्या, पण साधं सोल्यूशन-पॅच त्यांना चिकटत नाही. घाटात रिम ब्रेकची उष्णता सहन होते का ते डब्यावर वाचून घ्या.

राऊसर्कल:
ट्यूब सापडल्या. दोन भोकं बाहेरून, एका जागी टायरमध्ये बारीक तार अजून होती. उरलेली दोन आतल्या बाजूला, दोन्ही व्हॉल्व्हपासून जवळपास सारख्याच अंतरावर. रिम टेप रबराची आहे.

बीडवायर:
मग निम्मे पंक्चर टायरचे नाहीतच. रबरी पट्टी जास्त हवेला टिकत नाही. ट्यूब तिला स्पोकच्या भोकात दाबते, काठावर ट्यूब कातरली जाते. ११० ने काम सोपं केलं. ती पट्टी काढा, रिम स्पिरिटने पुसा आणि कापडी चिकट टेप लावा. रुंदी अशी की भोकं पूर्ण झाकतील, पण बीड बसते त्या जागेवर टेप चढणार नाही. व्हॉल्व्हच्या भोकासमोरून सुरू करा, ताणून लावा, शेवटी बोटभर दुहेरी. व्हॉल्व्हचं भोक तापवलेल्या सुईने पाडा, कात्रीने नाही, म्हणजे धागे सुटत नाहीत.

टायर वर सांगितलेलेच घ्या. मागचा आधी झिजून चपटा होईल; ग्रां प्रीच्या ट्रेडवर (रस्त्याला टेकणाऱ्या रबरावर) दोन बारीक खळगे असतात, ते दिसेनासे झाले की तो बाद. आणि झिजलेला मागचा कधी पुढे लावू नका. दोन्ही टायर सारखे असतील तर नवा पुढे, पुढचा मागे; फोडलेल्या जोडीत मागे नवा गेटरस्किनच.