अनुभव धागा: घरी बनवलेली, रोज वापरातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं

धागाकर्ती, पुणे
बाजारात मिळत नाही, किंवा मिळतं पण आपल्या घरात उपयोगाचं ठरत नाही, असं काही तुम्ही स्वतः सोल्डरिंग करून बनवलं असेल तर इथे जरूर लिहा. सर्किट अगदी साधं असलं तरी चालेल, फक्त ते वापरात असावं. भाग कुठून आणले तेही सांगा, नवख्यांना फार उपयोग होतो.

सुरुवात मी करते. सासूबाईंना ऐकू कमी येतं, दाराची बेल कळत नाही. जुनी बेल काढून १२ व्होल्टचा बझर आणि त्यांच्या खाटेजवळ एलईडीची पट्टी, दोन्ही एकाच बटणावर घेतली. आत दोन ५५५ टायमर (वेळ ठरवून चालू-बंद करणारी छोटी चिप, म्हणजे आयसी) आहेत: एक पट्टी वीसेक सेकंद चालू ठेवतो, दुसरा ती लुकलुकवतो. हान्स कामेन्झिंड यांनी १९७१ साली आखलेली ही आयसी आजही बुधवार पेठेत सहज मिळते. दुपारी कुणी आलं तर सासूबाई आता स्वतः उठून दार उघडतात.

वाळवा तालुका
आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीची असते. विहीर वस्तीपासून लांब, मधे ओढा. मोबाईलवर चालणारे स्टार्टर विकत मिळतात, पण मला मोटर पाणी ओढतेय की कोरडी फिरतेय हेही घरबसल्या कळायला हवं होतं.

सिम ८००एल मॉड्यूल (सिमकार्ड घालून मेसेज पाठवणारं), आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि दोन रिले (विजेने चालणारे स्विच) घेतले. एक रिले स्टार्टरच्या हिरव्या बटणाचं काम करतो, दुसरा लाल बटणाचं. एका फेजच्या वायरीवर करंट ट्रान्सफॉर्मर (वायरीतला प्रवाह मोजणारी कडी) चढवलाय. कोरडी मोटर कमी अँपिअर घेते, त्यामुळे आकडा ठरावीक पातळीखाली गेला की मोटर बंद होते आणि मला मेसेज येतो. टॉवरशी बोलताना मॉड्यूल क्षणभर २ अँपिअरपर्यंत खेचतं, म्हणून त्याला ४ व्होल्टचा वेगळा सप्लाय आणि अगदी पिनांजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (क्षणभर वीज साठवणारा भाग) दिला. पेटीची सगळी भोकं केबल ग्लँडने बंद करा, नाहीतर मुंग्या रिलेत शिरतात. स्टार्टरमधली जोडणी वायरमनकडूनच करून घ्या, तिथे ४१५ व्होल्ट असतात. आणि हे मॉड्यूल टू-जीचं आहे, आता नव्याने बनवणार असाल तर फोर-जीचं घ्या.

आमची आई पूर्वी मी दारं धरून (पिकाला पाणी देऊन) परत येईपर्यंत जागी असायची. आता पाणी बदलायला जावं लागतं ते लागतंच, पण नुसती मोटर सुरू करायला रात्री ओढा ओलांडणं संपलं.

निवृत्त शिक्षक, पुणे
नातीसोबत क्रिस्टल रेडिओ केला. पुठ्ठ्याच्या नळीवर इनॅमल तार, जुन्या रेडिओतला गँग (स्टेशन लावायला फिरवायचा कपॅसिटर), जर्मेनियम डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), क्रिस्टल इअरफोन. सिलिकॉन डायोड सुरू व्हायलाच साधारण ०.६ व्होल्ट मागतो, जर्मेनियमचं ०.२-०.३ वर भागतं, आणि इतक्या क्षीण सिग्नलला तोच फरक महत्त्वाचा. गच्चीभर एरियल ताणली, अर्थिंग नीट केलं. गँग फिरवता फिरवता ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणी पुणे लागलं. "आजोबा, पण सेल कुठंय?" हे ती तीन-तीनदा विचारत होती. लहरींवरच चालतो म्हटल्यावर तिने इअरफोन काही परत दिला नाही! रोज संध्याकाळच्या बातम्या आम्ही त्यावरच ऐकतो, आळीपाळीने.

डोंबिवली
भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. गच्चीवरच्या टाकीसाठी तीन सळ्या आणि बीसी ५४७ ट्रान्झिस्टरवर चालणारा पाणी भरल्याचा बझर आहे, उत्तम चालतो. फक्त एक सळी सारखी झिजून जाते. स्टीलची लावली तरी तेच. काही उपाय?

वाळवा तालुका
@डोंबिवली, सळ्यांतून सतत डीसी वाहतो म्हणून विद्युत अपघटन होतं आणि धन बाजूची सळी झिजते. मायक्रोकंट्रोलर लावून मिनिटातून एकदा, क्षणभरच व्होल्टेज द्या, वाचा आणि बंद करा. दर वेळी धन-ऋण उलटवलंत तर आणखी बरं. नाहीतर सरळ फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा स्विच) टाका, त्याच्या तारा पाण्याला लागतच नाहीत.