मठ सोडला, पण मठाची सवय सुटली का? (जोसेफ मॅककेबविषयी)

उंबरठा

जोसेफ मॅककेब हे नाव आता फारसं कुणी घेत नाही. माणूस थोडक्यात असा. जन्म १८६७, इंग्लंडातलं मॅकल्सफील्ड, घर कॅथलिक. मिसरूड फुटायच्या वयात फ्रान्सिस्कन या कॅथलिक साधूंच्या संघात दाखल. १८९० मध्ये धर्मगुरू झाला, नाव फादर अँटनी. बेल्जियममध्ये लूव्हेंला तत्त्वज्ञान शिकून आला, स्वतः शिकवलं, १८९५ मध्ये बकिंगहॅमच्या कॉलेजचा प्रमुख झाला आणि १८९६ च्या फेब्रुवारीत झगा उतरवून चालता झाला. पुढच्याच वर्षी मठातल्या बारा वर्षांवर पुस्तक. १९५५ मध्ये मरेपर्यंत दोनशेवर पुस्तकं आणि पुस्तिका.

माझं म्हणणं एवढंच: धर्माविषयी हा माणूस पहिल्या दर्जाचा साक्षीदार आहे, पण विज्ञानात शिरला की पुन्हा प्रवचनकार होतो. १९०० मध्ये त्याने जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेलचं 'विश्वाचं कोडं' हे पुस्तक इंग्रजीत आणलं. तिथवर ठीक. पण १९०३ मध्ये हेकेलच्या टीकाकारांना उत्तरं देणारं अख्खं पुस्तक लिहिलं. हेकेलने १८६८ च्या आपल्या पुस्तकात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे गर्भ म्हणून एकच ठसा तीनदा छापला होता, आणि त्यावर तेव्हाच बोंब झाली होती. अशा माणसाची वकिली करायची तर आधी दप्तर तपासावं. पोथी बदलली, पारायण तेच.

सातवीण

'पोथी बदलली' हा आरोप प्रत्येक धर्मत्याग्यावर होतो आणि त्याला कष्ट पडत नाहीत. उंबरठा, एक ठसा चुकीचा म्हणून उत्क्रांती खोटी ठरते का? हेकेलचा मूळ मुद्दा सजीवांच्या सामाईक वंशाचा होता आणि तो टिकला. गर्भाच्या वाढीत पूर्वजांचा इतिहास जसाच्या तसा उमटतो, हा त्याचा सिद्धांत पडला. तो जीवशास्त्रज्ञांनीच पाडला, चर्चने नव्हे.

शिवाय 'विश्वाचं कोडं' पुढे सहा पेन्सांच्या आवृत्तीत निघालं. लोकांना तोवर सृष्टीची माहिती रविवारच्या प्रवचनातून मिळायची. त्यांच्या हातात गर्भशास्त्र पडलं, हे तुम्हाला क्षुल्लक वाटतं?

जुना पेठकर

बाई, क्षुल्लक नाही, पण उंबरठ्यांचा प्रश्न वेगळा आहे. १९२० साली लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये मॅककेब आणि शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल यांचा मृतात्म्यांशी संवादावर जाहीर वाद झाला. (दोघेही कॅथलिक घरातून बाहेर पडलेले. डॉयल तर जेझुइटांच्या शाळेतला.) डॉयलने छोटी वही दाखवून सांगितलं, हिच्यात १६० मान्यवरांची नावं आहेत, त्यात चाळिसावर प्राध्यापक. मॅककेब म्हणाला, आज नाही, सवडीने छापून द्या, पण गेल्या तीस वर्षांत याची पाठराखण करणाऱ्या फक्त दहा प्राध्यापकांची नावं द्या.

टाळ्या घेणारं वाक्य आहे. पण म्हणजे दहा नावं मिळाली असती तर भुतं खरी ठरली असती? नावांच्या बदल्यात नावं मागणं ही सेमिनरीतलीच, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेतलीच, रीत झाली.

सातवीण

अहो पेठकर, नावांचा हवाला आधी कुणी दिला? डॉयलने. समोरच्याने हुंडी दाखवली तर ती वटवून दाखव म्हणणं यात चूक काय? आणि मॅककेब तिथे थांबला नाही, त्याच वर्षी मृतांशी बोलतो म्हणणाऱ्या 'माध्यमां'च्या लबाडीवर त्याने स्वतंत्र पुस्तक लिहिलं.

ओवरी

मला त्या सभेची दुसरी बाजू खुपते. महायुद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती. डॉयलचा मुलगा किंग्जली १९१८ मध्ये गेला होता. घरोघरी पोरं गेलेली. अशा वेळी व्यासपीठावरून तर्काचे फटके मारणारा माणूस बरोबर असेल, पण मला नकोसा होतो. तुलनेला आपले धर्मानंद कोसंबी घ्या. गोव्यातून निघाले, श्रीलंकेत चीवर (बौद्ध भिक्षूचं वस्त्र) घेतलं, पुढे उतरवलं. आणि लिहिलं काय? सिद्धार्थाने म्हातारा, रोगी, प्रेत पाहून घर सोडलं ही कथा बाजूला ठेवून शाक्य आणि कोलिय या शेजारी कुळांचं रोहिणी नदीच्या पाण्यावरचं भांडण पुढे आणलं. चमत्कार काढला, बुद्ध ठेवला. कडवटपणा नाही.

सातवीण

ओवरी, कोसंबी मलाही प्रिय आहेत, पण तुलना जमत नाही. भिक्षूला चीवर सोडायची वाट संघानेच ठेवलेली आहे, सोडणारा सभ्यपणे सोडतो, हवं तर पुन्हा घेतोही. कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा मात्र जन्माची. त्या काळी बाहेर पडणारा म्हणजे बाटगा, त्यात पोटापाण्याची सोय शून्य. कडवटपणा स्वभावाचा किती आणि दार बंद होताना बसलेल्या चिमट्याचा किती, हे बघाल की नाही?

उंबरठा

चिमटा मान्य. पण तो बसून पन्नास वर्षं झाल्यावरही, १९४७ मध्ये, हे गृहस्थ ब्रिटानिका ज्ञानकोशाच्या अकराव्या आणि चौदाव्या आवृत्तीतले लेख ताडून कॅथलिकांनी कुठे कात्री लावली ते शोधत बसले होते. वय ऐंशीच्या घरात.

सातवीण

मग? ते तर संदर्भासकट दप्तर तपासणंच झालं, तुम्ही वर मागितलं होतंत तेच!

जुना पेठकर

हा मात्र बसला, उंबरठा :)

अवांतर: अमेरिकेत कॅन्सासमधल्या जिरार्डहून हाल्डमन-ज्युलियस हा प्रकाशक पाच सेंटांना निळ्या पुस्तिका विकायचा, त्यात मॅककेबच्या शंभराहून जास्त आहेत. एवढं लिहिणाऱ्याकडून प्रत्येक विषयात तपासणीची अपेक्षा ठेवायची का, हा माझा खरा प्रश्न. खगोलशास्त्र, स्पेनमधले मूर, पोप, उत्क्रांती, सगळं एकाच हाताचं.

उंबरठा

तेच तर म्हणतोय. ज्याला वाचायचंय त्याने मठावरचं पुस्तक आधी घ्यावं. नवशिक्यांची दिनचर्या, गुरुजनांचं ज्ञान, बाहेर पडतानाची ओढाताण, सगळं आतून पाहिलेलं आहे. हेकेलचं भाषांतर मी तरी कुणाच्या हाती शेजारी टिपा न देता देणार नाही.

सातवीण

टिपा तुम्ही लिहा, मी तपासते.