शब्दचर्चा : ‘मर्यादित शोध’ आणि ‘पर्यंत’

प्रश्न : जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या २१व्या आवृत्तीत (२०२३) स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ओळीत, एखादे अक्षर किंवा तुकडा कुठे आहे ते शोधणाऱ्या ‘इंडेक्सऑफ’ मेथडला (तयार कृतीला) आरंभाबरोबर शेवटाचाही इंडेक्स (अक्षराचा ० पासून मोजलेला स्थानक्रमांक) देण्याची सोय झाली. तिचे वर्णन मराठीत ‘अमुक इंडेक्सपासून तमुक इंडेक्सपर्यंत मर्यादित शोध’ असे केले तर चालेल का?

उत्तर : ‘मर्यादित’ टाळावे असे मला वाटते. ‘मर्यादित यश’, ‘मर्यादित साठा’ या प्रयोगांमुळे त्या शब्दाला तुटपुंजेपणाचा अर्थ चिकटला आहे आणि हा शोध तर दिलेल्या भागात पूर्णच होतो. ‘सीमाबद्ध शोध’ अधिक नेमके आहे.

खरी अडचण ‘पर्यंत’ची आहे. ‘पाचव्या पानापर्यंत वाच’ म्हटले की पाचवे पानही वाचायचे, असेच आपण समजतो. या मेथडमध्ये मात्र शेवटचा इंडेक्स शोधात धरलेला नसतो. ‘कमल;नयन’ या स्ट्रिंगमध्ये अर्धविराम ३ या इंडेक्सवर आहे. त्याचा शोध ० आणि ३ या सीमांमध्ये घेतला तर उत्तर उणे १ (म्हणजे ‘सापडले नाही’) येते, ० आणि ४ दिल्यास ३ येते. ‘पर्यंत’ वाचून ३ लिहिणाऱ्याचा प्रोग्राम चुकेल आणि त्यात दोष त्याचा नव्हे, आपल्या शब्दाचा असेल. म्हणून ‘३च्या आधीपर्यंत’ असे लिहावे, किंवा त्या इंडेक्सला ‘अंत्यसीमा’ म्हणून ती वगळलेली असते हे तिथल्या तिथे सांगावे. ‘शेवटचा इंडेक्स’ मुळीच नको.

अनेक अक्षरांचा तुकडा शोधताना तो सबंध सीमांच्या आत बसावा लागतो : ‘ल;’ हा तुकडा २वर सुरू होतो, तरी ० आणि ३ या सीमांमध्ये तो सापडत नाही. मिळणारा इंडेक्स मूळ स्ट्रिंगच्या आरंभापासून मोजलेला असतो, आणि आधी सबस्ट्रिंग (स्ट्रिंगचा तुकडा) कापून शोधण्यापेक्षा ही मेथड सोयीची ठरते ती याचमुळे, कारण तुकड्यात मिळालेल्या इंडेक्समध्ये आरंभ मिळवण्याची नंतरची बेरीज वाचते.

प्रश्न : सीमा स्ट्रिंगच्या बाहेर गेल्यास ‘दुरुस्त केली जाते’ म्हणावे का?

उत्तर : पायथन या दुसऱ्या भाषेतील ‘फाइंड’ या तशाच मेथडबाबत म्हणता येईल, तिथे वरील स्ट्रिंगसाठी ९ ही अंत्यसीमा दिली तरी ती ७, म्हणजे स्ट्रिंगच्या लांबीइतकी, धरली जाते. जावाची ही नवी मेथड मात्र एक्सेप्शन देते (चूक दाखवून काम थांबवते), म्हणून तिच्यासाठी ‘सीमा अमान्य ठरते’ असे लिहावे. जावाचीच जुनी, फक्त आरंभ घेणारी मेथड ऋण इंडेक्सला मुकाट्याने ० मानते, त्यामुळे दोन्हींना एकच क्रियापद लावू नये. मला कडक वागणूकच पसंत आहे : सीमेचा हिशेब चुकला असेल, तर ते तिथेच कळते.